लाथेची बातमी झाली, डावाची नाही

2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादी विभागाच्या लढतीत शिवराज राक्षे चितपट ठरवला गेला. त्याला निकाल पटला नाही आणि त्याने पंचाला लाथ मारली. पुढे बरेच दिवस आपल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर कुस्ती म्हणजे फक्त ती लाथ होती. मूळ प्रश्न साधा होता. प्रतिस्पर्धी पृथ्वीराज मोहोळने राक्षेचे दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकवले की नाही? डाव कोणता लागला, पकड कुठे बसली, पंच कोणत्या बाजूला होता, हे उलगडून सांगणारा वृत्तान्त वर्ध्यात माझ्या हाती आलेल्या एकाही पानावर नव्हता. वाद छापला गेला, पण ज्यावर वाद झाला ती कुस्ती कुणी लिहिलीच नाही.

त्याच्या थोडं आधी, जानेवारीत, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत महिला महाराष्ट्र केसरी झाली. भाग्यश्री फंडने अमृता पुजारीला हरवून किताब घेतला. राज्यातल्या सर्वोत्तम महिला मल्ल आपल्या जिल्ह्यात येऊन लढल्या. मी वाचलेल्या बातम्यांत मात्र उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती अशी नावांची रांग होती आणि अंतिम लढतीला एखाद-दुसरं वाक्य. पट कुणी काढला, ताबा कुणी घेतला, कुठल्या क्षणी पारडं फिरलं? देवळीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर राहणाऱ्या वाचकालाही ते कळलं नाही.

मराठीत हे असंच चालत आलेलं नाही, म्हणून जास्त चीड येते. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला स्वतःचं पान मिळवून दिलं आणि त्या पानावर कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना क्रिकेटच्या बरोबरीने बसवलं. संघटनांच्या कारभारावर त्यांनी बोट ठेवलं, ते खेळ समजून घेतल्यावर. मैदानी कुस्तीत शंकरराव पुजारींचं निवेदन ऐकताना शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं, की आता घिस्सा बसतोय की ढाक. खेळ डोळ्यांसमोर उभा करणारी ही परंपरा मला मराठी क्रीडालेखनाचा कणा वाटते. क्रिकेटच्या आठवणींचं ललित लेखन कणेकर आणि संझगिरींबरोबर उंचीला पोचलं; आज त्यांची नक्कल करणाऱ्यांत वाचण्यासारखं फारसं काही नाही. कोणता काल्पनिक संघ निवडून पैसे लावावेत, हे सांगणारे रकाने 2025 पर्यंत छापले जात; त्यांना मी पत्रकारिता मानत नाही.

19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची दोन्ही विजेतेपदं भारताने जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. महिलांनी नेपाळला 78-40 असं हरवलं. हे आकडे सगळीकडे आले. गडी कसे टिपले, सूर कुणी मारला, खांबाजवळ हुलकावणी कुणाची चालली, हे आलं नाही. ज्या राज्याने हा खेळ घडवला, त्याच्याच भाषेत!

विदर्भाच्या रणजीचंही तेच. जामठ्याचं मैदान नागपूरच्या वर्धा रोडवरच आहे. तिथेच झालेल्या केरळविरुद्धच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस 2 मार्च 2025, आणि त्याच दिवशी दुबईत भारत-न्यूझीलंड सामना. पानावर दुबई पसरली. विदर्भाने पहिल्या डावात केवळ 37 धावांची आघाडी घेऊन तिसऱ्यांदा करंडक जिंकला, दानिश मालेवारने 153 केल्या, हर्ष दुबेने मोसमात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला. हा डावखुरा फिरकीपटू फलंदाजाला नेमका कशात फसवतो, हे आपल्याच पोराबद्दल आपल्याला सांगायला कुणी नव्हतं.

संपादक म्हणतात, वाचकाला हेच हवं असतं. मला हे अजिबात मान्य नाही. आपल्याकडची आम दंगल बघायला या. पागोटं बांधलेला म्हातारा डाव लागण्याआधीच त्याचं नाव घेतो. या माणसाला खेळ कळत नाही असं समजणं हा त्याचा अपमान आहे. खरं कारण पैशाचं आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीपेक्षा जाहिरातीवर पोट भरावं लागतं. मग जो जाहिरात देतो त्याचं नाव बातमीत आधी येतं आणि मल्लाचं नंतर. उरलेली जागा वृत्तसंस्थेच्या भाषांतराने भरतात. वार्ताहराला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. त्याला मैदानात पाठवायचा खर्च मालकाने करायचा आहे.

प्रत्येक जिल्हा आवृत्तीला खेळ कळणारा एक पगारी माणूस हवा, आणि स्पर्धेच्या बातमीत पाहुण्यांच्या नावाआधी खेळ हवा. याहून कमी काहीही मान्य करू नये. वाचकांनो, पुढच्या दंगलीच्या बातमीत डाव नसेल, तर त्याच दिवशी संपादकाला पत्र लिहा आणि तुम्ही पाहिलेली कुस्ती त्यात सविस्तर लिहून पाठवा.