व्याख्या आणि निर्णय : इंटरनेटच्या कारभाराच्या पदव्युत्तर अध्यापनाची मीमांसा

इंटरनेटचा कारभार आणि डिजिटल धोरण या विषयाचे पदव्युत्तर अध्यापन बहुधा एका व्याख्येपासून सुरू होते. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथे भरलेल्या माहिती-समाजविषयक जागतिक शिखर परिषदेने ही व्याख्या स्वीकारली. तिचा मसुदा संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नेमलेल्या ४० सदस्यांच्या कार्यगटाने सिद्ध केला होता आणि त्या गटाचे अध्यक्ष नितीन देसाई हे होते. शासनसंस्था, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज यांनी आपापल्या भूमिकांनुसार समाईक तत्त्वे, प्रमाणके, नियम, निर्णयपद्धती व कार्यक्रम विकसित करून अमलात आणावेत आणि त्यांतून इंटरनेटच्या वाढीला व वापराला आकार यावा, असा तिचा आशय आहे.

ही व्याख्या व्यापक आहे, हा तिचा गुण होय. इंटरनेटचा कारभार केवळ सरकारांचा नव्हे आणि केवळ तंत्रज्ञांचाही नव्हे, हे तिने मान्य करविले. परंतु ‘आपापल्या भूमिका’ या दोन शब्दांत तिने जो प्रश्न झाकून ठेवला, तोच या विषयाचा गाभा आहे. कोणाची भूमिका कोणती आणि ती ठरविणार कोण, याविषयी व्याख्या मौन पाळते. हे मौन अहेतुक नव्हते. त्या काळी नामव्यवस्थेच्या मूळ सूचीवर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची देखरेख होती व तिच्याविषयी राष्ट्रांत तीव्र मतभेद होते. ती देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली. व्याख्या ही अशा रीतीने एका वादाची तहरेषा आहे. अध्यापनात मात्र ती सिद्धांताप्रमाणे पाठ करविली जाते आणि विद्यार्थ्याला तहाचा मजकूर मिळतो, युद्धाचे कारण मिळत नाही.

व्याख्येनंतर येते ते वर्गीकरण. योवान कुर्बालिया यांचे या विषयाचा परिचय करून देणारे पुस्तक जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरले जाते. त्यात सर्व प्रश्न आरंभी पाच गटांत विभागले होते : पायाभूत रचना, कायदा, अर्थव्यवहार, विकास आणि समाज-संस्कृती. पुढे सुरक्षा आणि मानवी हक्क यांना स्वतंत्र स्थान मिळाले. नवख्या वाचकाला या विस्तीर्ण प्रदेशाचा नकाशा हाती देण्याचे काम हे पुस्तक उत्तम रीतीने करते. दोष पुस्तकाचा नाही. नकाशा पाहणे म्हणजेच प्रवास करणे असे मानणाऱ्या अभ्यासक्रमाचा आहे. प्रत्यक्षातील प्रश्न गटांच्या सीमा पाळीत नाहीत, हे एका मराठी उदाहरणावरून स्पष्ट होईल.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दोन्ही शब्दांतील भेद एका लहानशा चिन्हावर, रेफाऐवजी येणाऱ्या आडव्या अर्ध्या र-वर, अवलंबून आहे. मराठी वाचकाला हा भेद मुळाक्षरांइतका स्वाभाविक वाटतो. संगणकाला मात्र तो कोणीतरी ठरवून द्यावा लागतो. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. ते द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी म्हणून नोंदलेले आहे. दुसऱ्या मार्गात साध्या र-च्या हलन्त रूपापुढे एक अदृश्य जोडचिन्ह योजतात. इंटरनेटवरील नावे विविध लिपींत लिहिण्याचे जे नियम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत हे अदृश्य चिन्ह गाळून टाकण्याची तरतूद होती. दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या ‘दऱ्या’ या नावाचा त्यामुळे निमूटपणे ‘दर्या’ होत असे. २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर ते चिन्ह येऊ दिले. नामव्यवस्थेच्या मूळ सूचीतील सर्वोच्च नावांत मात्र ते आजही वर्ज्य आहे, कारण न दिसणाऱ्या चिन्हामुळे दोन भिन्न नावे डोळ्यांना एकच भासण्याचा धोका असतो.

हा प्रश्न कोणत्या गटात घालावयाचा? प्रमाणकांचा म्हणून पायाभूत रचनेत, की बहुभाषिकतेचा म्हणून समाज-संस्कृतीत? खरे पाहता तो सत्तेचा प्रश्न आहे. एका भाषेतील दोन शब्दांचा भेद राखावयाचा की नाही, याचा निर्णय येथे झाला. तो कोणत्याही विधिमंडळात झाला नाही आणि कोणत्याही राजपत्रात छापला गेला नाही. लिपीची संकेतावली एका संस्थेने ठरविली, नावांचे नियम अभियंत्यांच्या दुसऱ्या मंडळाने लिहिले आणि मूळ सूचीचे निर्बंध तिसऱ्या संस्थेच्या व्यवस्थेतून आले. तिन्ही ठिकाणी मसुदे खुले होते व अभिप्रायाला वाव होता. तेथे बोलावयास पात्रता लागत होती ती एवढीच की मसुदा वाचता यावा आणि तो केव्हा वाचावयाचा हे माहीत असावे. नेमकी हीच पात्रता बहुतेक अभ्यासक्रम देत नाहीत. संस्थांची नावे व त्यांचे स्थापनावर्ष विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. त्यांचा एकही मसुदा त्याने आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेला नसतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, अशाने धोरणाचा अभ्यास अभियांत्रिकीचा होऊन बसेल. आक्षेप विचारार्ह आहे, परंतु टिकणारा नाही. मसुद्याचे वाचन हे यंत्ररचनेचे ज्ञान नव्हे. निर्णयाचा माग काढण्याची ती विद्या आहे आणि ती कायद्याच्या क्षेत्रालाही तितकीच लागू पडते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावमूलक दरांना मनाई करणारे विनियम काढले. केवळ ते विनियम वाचणाऱ्याला निर्णय कळतो. त्यापूर्वीचे विचारार्थ टिपण, त्यावर कंपन्यांनी व नागरिकांनी दिलेली उत्तरे आणि विनियमांना जोडलेले स्पष्टीकरण ही सारी एकत्र वाचणाऱ्याला निर्णयाची कारणे कळतात, कोणता युक्तिवाद स्वीकारला गेला व कोणता बाजूला पडला हे कळते. तंत्रज्ञांचा मसुदा असो वा नियामकाचा, वाचनाची शिस्त एकच आहे.

मराठीतून हा विषय शिकविताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘गव्हर्नन्स’ या शब्दासाठी ‘शासन’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु ‘शासन’ या शब्दात आज्ञेचा व दंडाचा अर्थ मुरलेला आहे आणि आजच्या व्यवहारात तो सरकारचाच वाचक झाला आहे. तो वापरताच विद्यार्थ्याचे लक्ष मंत्रालयाकडे वळते आणि उपरोक्त उदाहरणातील तिन्ही संस्था त्याच्या दृष्टीआड होतात. ‘कारभार’ हा शब्द त्या मानाने नम्र, पण अधिक यथार्थ आहे. कारभार अनेक हातांनी चालतो. त्यात हिशेब ठेवावा लागतो आणि कारभाऱ्याला जाब विचारता येतो. परिभाषेची निवड हीदेखील धोरणाचीच निवड असते.

या विषयाच्या अभ्यासक्रमाची कसोटी त्यामुळे अगदी साधी आहे. परीक्षेत ट्युनिसची व्याख्या लिहावयास सांगण्याऐवजी एक निर्णय पुढे ठेवावा आणि विचारावे : हा कोठे झाला, त्याचा मसुदा केव्हा खुला होता, कोण बोलले, कोण बोलले नाही, आणि तो बदलावयाचा झाल्यास पहिले पत्र कोणाला लिहावे लागेल? व्याख्या पाठ असलेला विद्यार्थी येथे अडखळेल. ज्याला उत्तर देता येईल, तो उद्या आपल्या भाषेच्या वतीने वेळेवर बोलू शकेल. असे बोलणारे नसले म्हणजे दऱ्यांचा दर्या होतो आणि तो झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.