गंगाराम तांबटांचे वेरूळ

सतराव्या शतकातील नगरचित्रे म्हटली की प्रागचा व्हेन्स्लाउस होलार (१६०७–१६७७) आठवतो. त्याचे १६४७चे लंडनचे दीर्घ दृश्य थेम्सच्या दक्षिण तीरावरील चर्चच्या मनोऱ्यावरून केलेल्या रेखाटनांवर बेतलेले आहे. तांब्याच्या पत्र्यावर ते चढले मात्र दूर अँटवर्पमध्ये. त्यात ग्लोब नाट्यगृह आणि अस्वलांच्या झुंजींचा आखाडा यांची नावे उलटसुलट पडली. अक्षर चुकले, तरी इमारती जागच्या जागी राहिल्या. १६६६च्या आगीत जुने शहर जळाले आणि ते चित्र साक्षीदार झाले.

आपल्याकडे या कामाचा मानकरी म्हणून मी गंगाराम चिंतामण तांबटांचे नाव घेतो. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यांनी १७९०च्या दशकात वेरूळची लेणी रेखाटली. मॅलेटचे लेण्यांचे वर्णन ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात छापले गेले, ते याच चित्रांच्या आधाराने. पुढे १८०३ साली वेरूळवरचा मोठा चित्रसंग्रह लंडनला निघाला. त्यावर जेम्स वेल्स आणि थॉमस डॅनियल यांची नावे आहेत.

दोन्हींतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. डॅनियलच्या छापांत प्रकाश, झाडी आणि भव्यता आधी दिसते, लेणे नंतर. गंगारामांच्या शाईच्या चित्रांत लेणेच आधी येते. सावलीचे पातळ थर ते नव्या रीतीने देतात, पण मूर्तीची कड इथल्या कारागिराच्या सवयीने नेमकी धरतात. काही जण या मिश्रणाला कच्चेपणा म्हणतील. मला तो निर्णय दिसतो: कोणता देव कुठे उभा आहे, हे पाहणाऱ्याला कळलेच पाहिजे.

आज होलारचे लंडनचे एक रेखाटन आणि गंगारामांची चित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या एकाच कलासंग्रहालयात आहेत. होलारचे बरेचसे शहर उरले नाही. गंगारामांचा दगड मात्र जागेवर आहे. म्हणजे त्यांची रेघ आपण उन्हात उभे राहून पडताळू शकतो. ते काम मराठी अभ्यासकांनी करायला हवे.

त्याची गरज वेरूळपुरती नाही. मी सोनारीत राहतो. काळभैरवनाथाचे देऊळ असो की शेजारचा परांड्याचा किल्ला, फोटो ढिगाने निघतात. पण फोटो माप सांगत नाही आणि काय महत्त्वाचे तेही निवडत नाही. गावोगावी जीर्णोद्धाराचा रंग चढण्याआधी कुणीतरी टेप आणि कागद घेऊन बसावे. आणि चित्राखाली आपले नाव, तारीख न विसरता घालावी.