‘बनगरवाडी’तील उपरा

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक हा माणदेशातील धनगरांच्या वस्तीत बाहेरून आलेला तरुण शिक्षक आहे. वाडी त्याला नाकारत नाही. परंतु केवळ पदामुळे स्वीकारतही नाही. अडीअडचणीला धावून जाण्यातूनच त्याला तेथे स्थान मिळते. कारभाऱ्याचा विश्वास लाभतो, तसा तो डळमळतोही. मास्तराच्या पुढाकाराने तालीम उभी राहते ती वाडीच्या श्रमातून. बाहेरची कल्पना अशी आतली होते. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरांमागे माणसे परागंदा होतात आणि या आपलेपणाची सीमा उघड होते. वाडीची सुखदुःखे मास्तराची झाली होती, तिचे प्राक्तन मात्र नव्हे. हे अंतर न बुजवता दाखवल्यामुळेच ही कादंबरी ग्रामजीवनाच्या भाबड्या गौरवापासून दूर राहते.