‘स्वीकार’ आणि ‘विश्वास’: संख्याशास्त्रीय परिभाषेतील दोन शब्द

संख्याशास्त्राच्या प्रारंभिक अध्यापनात परिकल्पनेचा ‘स्वीकार’ आणि ‘विश्वास-अंतराल’ हे शब्दप्रयोग सर्रास आढळतात. दोहोंचाही रूढ अर्थ विद्यार्थ्यास शास्त्रीय अर्थापासून दूर नेतो. हा दोष गणिताचा नसून शब्दयोजनेचा होय.

बोलीच्या पाहणीतील एक कल्पित उदाहरण घ्यावे. तेरेखोल नदीकाठच्या, गोव्याच्या सीमेलगतच्या आरोंदा गावातील निम्मे प्रौढ परक्या माणसाशी बोलतानाही ‘कुठे’ न म्हणता मालवणी ‘खंय’ म्हणतात, अशी परिकल्पना आहे. यदृच्छया निवडलेल्या १०० व्यक्तींपैकी ४४ जणांनी ‘खंय’ म्हटले. पाच टक्के सार्थकता-पातळीवर परिकल्पना त्याज्य ठरत नाही. सबब ती ‘स्वीकारली’, असे उत्तर लिहिले जाते. परंतु हे प्रमाण ४० टक्के आहे, ही परिकल्पनाही त्याच पुराव्याने त्याज्य ठरत नाही. परस्परविरोधी दोन विधाने एकाच वेळी कशी स्वीकारावयाची? पुरावा अपुरा आहे, इतकेच येथे म्हणता येते.

अंतराल हा अपुरेपणा उघड करते. येथे ९५ टक्के विश्वास-अंतराल सुमारे ३४ ते ५४ टक्के येते. त्यात ४० आणि ५० दोन्ही बसतात. ४०० पैकी १७६ जण, म्हणजे तितकेच शेकडा प्रमाण, आढळल्यास अंतराल ३९ ते ४९ इतके आकुंचित होते आणि काल ‘स्वीकारलेले’ ५० आज बाहेर पडते.

‘विश्वास’ हा शब्दही तितकाच फसवा. मराठीत विश्वास एखाद्या विधानावर बसतो. नेमान यांनी १९३७ साली मांडलेल्या विवेचनात मात्र ९५ हा आकडा रीतीचा आहे: असे नमुने पुनःपुन्हा घेतल्यास शंभरांतील सुमारे ९५ अंतराले खऱ्या प्रमाणास सामावून घेतील. हाती आलेल्या एका अंतरालाविषयी तो काहीच हमी देत नाही.

ही रीत यदृच्छ निवडीवर उभी आहे. पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज घेताना शेतांच्या यदृच्छ निवडीचा आग्रह धरला, तो याचसाठी. अ. मा. घाटगे यांचा ‘कुडाळी’ (१९६५) हा ग्रंथ बोलीची रचना वर्णितो. त्यासाठी मोजके जाणकार निवेदक पुरतात. किती लोक तसे बोलतात, या प्रश्नास मात्र ते पुरत नाहीत. सोयीने गाठलेल्या निवेदकांवर अंतराल बसविले, तर आकडा शास्त्रीय दिसेल, पण आरोंद्याविषयी काहीच सांगणार नाही.

म्हणून ‘स्वीकारली’ऐवजी ‘त्याज्य ठरली नाही’ असे लिहावे, आणि ‘विश्वास’ कोणावर, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे.