१४ टक्के म्हणजे नक्की किती मुलं? पहिल्या रायफलीचा तक्ता आणि आपलं वाचन

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाने एका तक्त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "अगं, तू संशोधन करतेस ना, हे बघून सांग. खरं आहे का?"

दादा विस्कॉन्सिनमध्ये राहतो. तिथे नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणांची शिकार करायचा हंगाम असतो आणि गावंच्या गावं रानात जातात. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मित्राला वाढदिवसाला रायफल मिळाली, म्हणून आता आमच्याकडेही मागणी आली आहे. कायदा आड येत नाही. विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये मार्गदर्शकाबरोबर शिकार करण्यासाठीची किमान वयाची अटच काढून टाकली. मार्गदर्शकाने मुलापासून हाताच्या अंतरावर राहायचं, एवढं बंधन आहे. म्हणजे निर्णय आईवडिलांचा. शेजाऱ्याने दादाला दोन गोष्टी दिल्या: कोणती रायफल घ्यावी याचा सल्ला, आणि रायफल दिल्याने मुलं बिघडत नाहीत, उलट सुधारतात, हे 'सिद्ध' करणारा तो तक्ता.

सल्ला उत्तम होता. सुरुवात .२२ च्या, एका वेळी एकच गोळी भरता येणाऱ्या रायफलीने करावी, कारण तिचा धक्का जवळजवळ जाणवत नाही. हरणासाठी ती चालत नाही, त्यामुळे पुढे .२४३ घ्यावी. दस्त्याची लांबी मुलाच्या हाताला बसेल अशी हवी. रायफल जड असेल तर धक्का कमी लागतो, पण मुलाला ती नीट पेलत नाही. यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते आणि शंभर वेळा मोजून झालेली आहे. गंमत अशी की एखाद्या माणसाने मोजता येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली, की न मोजलेल्या प्रश्नावरही आपण त्याच्यावर विश्वास टाकतो. 'कोणती रायफल' या प्रश्नाची खात्री गुपचूप 'रायफल द्यावी का' या प्रश्नाकडे सरकते. तुमच्या विषयातही हे होतं. उपकरणाची अचूकता चार दशांश स्थळांपर्यंत सांगितली की निष्कर्षही तितकाच अचूक वाटायला लागतो.

आता तक्ता. तो खोटा नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने हुइझिंगा, लोबर आणि थॉर्नबेरी यांचा बालगुन्हेगारीवरचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला बंदुकांचा भाग न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातल्या पाहणीचा आहे. नववी-दहावीतल्या मुलग्यांचे तीन गट केले होते: बेकायदा बंदूक असलेले, कायदेशीर बंदूक असलेले आणि बंदूक नसलेले. रस्त्यावरचे गुन्हे केलेले अनुक्रमे ७४, १४ आणि २४ टक्के. बंदुकीचे गुन्हे २४, ० आणि १ टक्का. अमली पदार्थ ४१, १३ आणि १५ टक्के.

बघा, कायदेशीर बंदूक असलेली मुलं बंदूक नसलेल्यांपेक्षाही सरळ! हा तक्ता बंदुकांच्या बाजूने लिहिणाऱ्यांच्या लेखांत वर्षानुवर्षे फिरतोय. त्यातून निघणारा सल्ला असा, की मुलाला लहानपणी शिकारीची रायफल द्या, तो चांगला माणूस होईल.

टक्केवारी दिसली की आधी छेद शोधायचा, ही सवय लावून घ्या. त्याच अहवालात लिहिलंय की या वयाच्या फक्त ३ टक्के मुलग्यांकडे कायदेशीर बंदूक होती. रॉचेस्टरचा पूर्ण नमुना सुमारे १,००० विद्यार्थ्यांचा, त्यात मुलगे साधारण तीन चतुर्थांश. म्हणजे कायदेशीर बंदूकवाले अंदाजे बावीस. बाविसातले १४ टक्के म्हणजे तीन मुलं. हा गट बंदूक नसलेल्यांइतकाच, म्हणजे २४ टक्के, गुन्हेगार असता तर पाच मुलं झाली असती. अख्खा युक्तिवाद दोन मुलांवर उभा आहे.

कागद घ्या आणि स्वतः करून बघा. बाविसात तीन या प्रमाणाचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला, तर तो साधारण ५ ते ३३ टक्के येतो. २४ त्याच्या पोटातच आहे. आणि ते रुबाबदार शून्य? n जणांत एकही घटना दिसली नाही, तर खऱ्या प्रमाणाची वरची मर्यादा अंदाजे ३ भागिले n असते. इथे ३ भागिले २२, म्हणजे सुमारे १४ टक्के. हे 'शून्य' १४ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. त्याची १ टक्क्याशी तुलना करून काहीच हाती लागत नाही. ७४ आणि १४ मधला फरक मात्र एवढ्या लहान गटातही टिकतो, ते मान्य करायला हवं.

दुसरी अडचण छेदाच्याही आधीची. ही बंदूक कुणी चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती. अहवाल स्वतः सांगतो, की कायदेशीर बंदूक असलेल्या मुलांचे वडील खेळासाठी आणि शिकारीसाठी बंदूक बाळगणारे होते, तर बेकायदा बंदूक असलेल्यांचे मित्र तशाच बंदुका बाळगणारे होते. पहिल्यांना बंदुकीची ओळख घरात झाली, दुसऱ्यांना रस्त्यावर. मग तक्त्यात नेमकं काय मोजलं गेलं? रायफल, की पहाटे चारला उठून मुलाला रानात घेऊन जाणारा बाप? दोन्ही एकाच वेळी आले, तर श्रेय कुणाला द्यायचं हे तक्ता सांगू शकत नाही. आणि ज्याच्या हाती वडील बंदूक देतात, तो मुलगा बहुधा आधीच जरा शहाणा असणार. उनाड मुलाला कोण रायफल देईल?

तिसरी गोष्ट, ही मुलं चौदा-पंधरा वर्षांची, एका शहरातली, आणि नमुन्यात जास्त गुन्हे असलेल्या वस्त्यांतली मुलं मुद्दाम अधिक घेतलेली. दादाचा मुलगा नऊ वर्षांचा, विस्कॉन्सिनच्या छोट्या गावातला. अहवालाचे लेखक नऊ वर्षांच्या मुलाबद्दल बोललेच नव्हते. त्यांच्या तोंडी ते नंतरच्यांनी घातलं.

इथवर लिहून मला छान वाटत होतं. मग मी दादाला पाठवायला दुसरा पेपर काढला आणि तिथे मीच सापडले.

२००१ मध्ये 'पीडियाट्रिक्स'मध्ये आलेला हा प्रयोग मला कायम आवडत आलाय. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या २९ गटांत एका खोलीत पंधरा मिनिटं सोडलं. एका बाजूने दिसणाऱ्या आरशामागून संशोधक बघत होते. ड्रॉवरमध्ये दोन पाण्याच्या पिचकाऱ्या आणि एक खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. २१ गटांना पिस्तूल सापडलं, १६ गटांनी ते हाताळलं आणि १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. ज्यांनी ते हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितलं की त्यांना आधी बंदुकीच्या सुरक्षेचं काही ना काही शिक्षण मिळालं होतं.

मी दादाला लिहिणार होते, "बघ, शिकवून काही उपयोग होत नाही." बोट 'सेंड'वर होतं.

पण मग ज्यांनी हात लावला नाही, त्यांच्यातल्या किती टक्क्यांना शिक्षण मिळालं होतं? तो आकडा बघितल्याशिवाय ९० टक्क्यांना अर्थ नाही. जवळजवळ सगळ्याच मुलांना कुणीतरी कधीतरी 'हात लावू नकोस' म्हटलेलं असेल, तर चाप ओढणाऱ्यांतही ९० टक्के येणारच. आणि 'काही ना काही शिक्षण' म्हणजे काय? आईचं एक वाक्य, की आठ आठवड्यांचा वर्ग? शिवाय ते होतं पिस्तूल, अचानक सापडलेलं. बापाच्या देखरेखीखालची रायफल नव्हे. म्हणजे शेजाऱ्याने रॉचेस्टरच्या तक्त्याचं जे केलं, तेच मी या पेपरचं करणार होते. फरक इतकाच, की त्याचा निष्कर्ष मला नको होता आणि हा हवा होता.

मित्रांनो, लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना सगळ्यात धोकादायक पेपर हाच असतो, आपल्या मताशी जुळणारा. न पटणाऱ्या पेपरचा छेद आपण लगेच मागतो, पटणाऱ्याचा मागत नाही. तेव्हा पटलेल्या पेपरलाही तेच तीन प्रश्न विचारा: किती जणांपैकी, कुणाच्या तुलनेत, आणि ही माणसं माझ्या प्रश्नातली आहेत का?

तरीही त्या प्रयोगात एक गोष्ट उरतेच. ज्या मुलांना बंदुकीत फारसा रस नाही असं आईवडिलांना वाटत होतं, त्यांनीही इतरांइतकंच पिस्तूल हाताळलं. इथे तुलना पेपरातच आहे, म्हणून हे वाक्य मी जपून का होईना, वापरेन. 'माझा मुलगा तसा नाही' यावर विसंबणं कच्चं आहे.

शेवटी दादाला मी तिसराच पेपर पाठवला. २००५ मध्ये 'जामा'त आलेला, ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांचा. वीस वर्षांखालच्या मुलाने घरातल्या बंदुकीने स्वतःला किंवा चुकून कुणाला इजा केली अशा १०६ घटना, आणि तुलनेला बंदूक असलेलीच ४८० घरं. बंदूक कुलपात असण्याचा ऑड्स रेशो ०.२७, न भरलेली असण्याचा ०.३०, गोळ्या कुलपात असण्याचा ०.३९ आणि गोळ्या वेगळ्या जागी असण्याचा ०.४५. एकाहून कमी म्हणजे अशा घरांत घटना कमी. लांब नळीच्या बंदुकांनाही हे लागू होतं, आणि रायफल त्यातच येते. हाही निरीक्षणाचाच अभ्यास. कुलूप लावणारी घरं एरवीही सावध असणार, हा आक्षेप इथेही आहेच. पण तुलनागट नेमका आहे, आणि प्रश्न असा की उत्तरावर उद्या सकाळी काहीतरी करता येतं.

दादाने विचारलं, "मग देऊ की नको?"

मी लिहिलं, "यातला एकही पेपर ते सांगत नाही. आत्या म्हणून विचारशील तर इतक्यात नको, पण ते माझं मत आहे, संशोधन नाही. दिलीसच, तर दस्त्याच्या लांबीआधी कपाटाचं कुलूप बघ, आणि किल्ली त्याला माहीत नसलेल्या जागी ठेव."

त्याचं अजून ठरलेलं नाही. कपाट मात्र मागवलंय.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या सिनॉप्सिसमधला तुम्हाला सगळ्यात जास्त आवडणारा संदर्भ काढा आणि त्याचा छेद शोधा. सापडला नाही, तर ते वाक्य आजच्या आज खोडा.