पाय बेडरचे, पाठ रॉसची

अपंग युद्धवैमानिकाची गोष्ट कशी सांगायची, याचा साचा १९५४ साली पॉल ब्रिकहिलने घालून दिला. 'रीच फॉर द स्काय' हे त्याचं डग्लस बेडरचं चरित्र. १९३१च्या डिसेंबरात वुडलीच्या विमानतळावर जमिनीलगत कसरत करताना बेडरचं विमान कोसळलं, दोन्ही पाय कापावे लागले. हवाई दलाने त्याला घरी बसवलं आणि युद्ध पेटल्यावर परत बोलावलं. ब्रिकहिल स्वतः लढाऊ वैमानिक, ट्युनिशियात पाडला गेलेला, जर्मनांच्या कैदेत राहिलेला. 'द ग्रेट एस्केप' आणि 'द डॅम बस्टर्स' लिहिणाऱ्या या माणसाला वाचकाला धरून कसं ठेवायचं हे पक्कं ठाऊक होतं. अपघात, जिद्द, पुन्हा आकाश. दोन वर्षांत चित्रपटही आला.

ते पुस्तक आजही खाली ठेववत नाही. पण जिद्द एवढी जागा व्यापते की बाकीची माणसं पानांच्या कडेला सरकतात. बेडरचे धातूचे पाय देसूतेर बंधूंच्या कारखान्यात बनले. त्यांपैकी मार्सेल स्वतः वैमानिक. १९१३च्या अपघातात त्याचा पाय गेला, आणि भावाच्या मदतीने त्याने हलक्या धातूचा पाय घडवला. म्हणजे बेडर ज्यावर उभा राहिला, ते आधीच्या एका जखमी वैमानिकाचं डोकं आणि त्याच्या भावाचे हात होते. ही गोष्ट तळटीपेत ढकलणं मला पटत नाही.

पुढे बेडर जर्मनांच्या हाती लागला आणि कोल्डिट्झच्या कैदेत पोचला; तिथल्या अ‍ॅलेक्स रॉसची हकिकत तर याहून बोचरी. हा वैद्यकीय सेवक बेडरला पाठीवर घेऊन जिने उतरायचा, अंघोळ घालून पुन्हा वर न्यायचा. कैद्यांच्या अदलाबदलीत त्याला मायदेशी जायची संधी आली, तेव्हा बेडरने त्याला जाऊ दिलं नाही. बेन मॅकिन्टायरने २०२२च्या 'कोल्डिट्झ'मध्ये हे सारं उघडपणे मांडलं आहे. त्याआधी १९४१ साली बेडर फ्रान्समधल्या इस्पितळातून चादरींच्या दोरावरून निसटला, तेव्हा त्याला आसरा देणाऱ्या फ्रेंच माणसांना पकडून जर्मनीत धाडलं गेलं. धाडसाची किंमत मोजणारे हे लोक चरित्राबाहेर राहिले, तर ते चरित्र अर्धंच.

सोव्हिएत बाजूला बोरिस पोलेवोयने १९४६ साली अलेक्सेई मारेस्येववर कादंबरी लिहिली आणि नावातलं एक अक्षर तेवढं बदललं. पाडला गेल्यावर अठरा दिवस जंगलातून सरपटत आलेला, दोन्ही पाय गमावून पुन्हा लढाऊ विमान चालवणारा हा माणूस. सरपटण्याची ती पानं विलक्षण आहेत. मात्र पुढे नायक आदर्श नागरिक होतो आणि माणूस हातातून निसटतो.

या साऱ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो वैमानिक-लेखक रिचर्ड हिलरी. १९४०च्या सप्टेंबरात विमानाला आग लागून त्याचे हात आणि चेहरा भाजले. आर्चिबाल्ड मॅकिंडोने ईस्ट ग्रिनस्टेडला त्याच्यावर शस्त्रक्रिया केल्या. १९४२च्या 'द लास्ट एनिमी'त त्याने स्वतःच्या उद्धटपणालाही सोडलं नाही. पण पुन्हा आकाशात जायचंच, हे गोष्टीचं गृहीतक त्याच्या आयुष्यातही शिरलं. जेवताना काटा-सुरी नीट धरता येत नसलेल्या हातांना दुइंजिनी विमान मिळालं. ८ जानेवारी १९४३ रोजी ते कोसळलं आणि त्याच्याबरोबर विल्फ्रेड फायसन हा साथीदारही गेला. सबॅस्टियन फॉक्सने १९९६च्या 'द फेटल इंग्लिशमन'मध्ये त्याला पुन्हा उडू देण्याच्या निर्णयाचा पाठपुरावा केला; तोवर बहुतेकांना हिलरीचं मरण काव्यमय वाटत होतं.

हा साचा घडवण्यात लोकप्रिय लेखकांचा थेट हात आहे. हॉर्नब्लोअरचा कर्ता सी. एस. फॉरेस्टर १९४२ साली वैमानिक रोआल्ड डालला भेटला आणि त्याच्या इजिप्तच्या वाळवंटातल्या अपघाताची हकिकत मागितली. ती छापून आली 'शॉट डाउन ओव्हर लिबिया' या नावाने. प्रत्यक्षात विमान कोणी पाडलंच नव्हतं. डाल लेखक झाला. पाठीचं दुखणं मात्र जन्मभर राहिलं.

आजची चरित्रं अधिक प्रामाणिक आहेत, स्वभावाचे दोष झाकत नाहीत. एमिली मेह्यूने २००४ साली मॅकिंडोच्या रुग्णांवर लिहिताना शल्यचिकित्सा, परिचारिका आणि ईस्ट ग्रिनस्टेडचे गावकरी यांना कथेत हक्काची जागा दिली. तरी शरीराची रोजची कटकट, कापलेल्या पायाच्या खुंटाला पडणारे घट्टे, पट्ट्याचं काचणं, जिना दिसताच होणारा हिशेब, हे अजून ओझरतंच येतं. ब्रिकहिलची ओढ आणि मेह्यूची नजर एकाच पुस्तकात मला अजून सापडलेली नाही, आणि बेडरचं पुढचं चरित्र लिहिणाऱ्याने सुरुवात रॉसपासून करावी, असं मला मनापासून वाटतं.