'मंथन'मध्ये न दिसलेली भुकटी

श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) वर्गात आवर्जून दाखवावा असा चित्रपट आहे. विजय तेंडुलकरांच्या पटकथेतील डॉ. राव केवळ भाषणे करत नाही. तो दुधातला स्निग्धांश मोजतो. चोख मोजमापातून विश्वास आणि विश्वासातून नेतृत्व, हा धडा मोलाचा आहे.

पण हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढते, तेव्हा जादा दुधाचे काय करायचे, हा प्रश्न चित्रपटाच्या केंद्रस्थानी येत नाही. दूध टिकले नाही तर रास्त भावही टिकत नाही. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. एच. एम. दलाया यांनी प्रयोगांती ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदला कारखाना सुरू झाला. वर्गीस कुरियन यांच्या संघटनकौशल्याला हा भक्कम आधार होता.

पुढे १९७९ मध्ये आणंदलाच ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी संस्था निघाली. कुरियन यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. दलायांचे किती जणांना? संशोधन वगळून सांगितलेली नेतृत्वाची गोष्ट अर्धीच राहते. म्हणून चित्रपट संपल्यावर मुलांना एवढेच विचारा: उरलेले दूध गेले कुठे?